सूर्यनिरीक्षणाची दुर्बीण व माउंट (मुंबई उपनगरे)

सूर्यावरील डाग, ग्रहणे व अधिक्रमणे सुरक्षितपणे पाहण्यासाठी लागणारी दुर्बीण, तिची गाळणी आणि तिला सूर्यामागे फिरवणारा माउंट यांचा संच. उपनगरांतल्या दिव्यांच्या झगमगाटाने रात्रीचे आकाश हरवले असले, तरी सूर्यनिरीक्षणाला त्याची बाधा नाही. त्यामुळे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील हौशी निरीक्षकाला इमारतीच्या गच्चीवरूनही चांगले काम करता येते. निवड करताना आधी गाळणी, मग माउंट आणि शेवटी वस्तुभिंगाचा व्यास, असा क्रम ठेवावा.

गाळणी : गाळणीविना सूर्याकडे रोखलेली दुर्बीण डोळ्याचा पडदा क्षणात जाळते, जळताना वेदनाही होत नाही. प्रकाशाचा सुमारे एक लाखावा भाग आत सोडणारी फिल्म (ऑप्टिकल डेन्सिटी ५) वस्तुभिंगापुढे घट्ट बसवावी. ३.८ डेन्सिटीची फिल्म केवळ छायाचित्रणासाठी असते. नेत्रिकेवर बसवायची गडद काच उष्णतेने तडकते, ती कधीही वापरू नये. शोधक दुर्बिणीवर झाकण ठेवावे. फिल्मऐवजी वापरायचा लोलक, म्हणजे हर्शल वेज, फक्त भिंगाच्या दुर्बिणीला लावतात. हायड्रोजन-आल्फा दुर्बीण ६५६.२८ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वेगळा काढून सूर्याच्या कडेवरून उसळणारे वायूचे झोत दाखवते.

दुर्बीण : ६० ते ८० मिमी व्यासाची भिंगाची दुर्बीण पुरते. दिवसा तापलेल्या हवेमुळे प्रतिमा थरथरते, म्हणून मोठ्या व्यासाचा फायदा क्वचितच मिळतो. पूर्ण बिंब पाहण्यास ४० ते ६० पट वर्धन योग्य.

माउंट : सूर्यबिंब सुमारे अर्धा अंश रुंद असून आकाशात दर दोन मिनिटांना स्वतःच्या रुंदीएवढे सरकते. २६ डिसेंबर २०१९ चे ग्रहण मुंबईत खंडग्रास दिसले आणि जवळजवळ तीन तास चालले. अशा वेळी मोटर असलेला माउंट फार उपयोगी पडतो. उन्नतांश-दिगंश माउंट हलका, स्वस्त व गच्चीवर न्यायला सोपा असतो. मात्र मेच्या मध्यास व जुलैअखेरीस, शून्य सावलीच्या दिवसांत, सूर्य मध्यान्ही डोक्यावर येतो. तेव्हा हा माउंट दिगंशात झपाट्याने फिरवावा लागतो आणि नळी तिपाईला अडते.

विषुववृत्तीय माउंटचा अक्ष येथे सुमारे १९ अंश उन्नतांशावर, उत्तरेकडे रोखावा लागतो. इतक्या कमी अक्षांशावर अनेक माउंटांचे प्रतिवजन तिपाईच्या पायाला आपटते. माउंट १९ अंशांपर्यंत झुकतो का, हे घेण्यापूर्वी तपासावे. दिवसा ध्रुवतारा दिसत नसल्याने पाणसळ व होकायंत्राने जुळणी करतात.

जागा व वेळ : ऑक्टोबर ते मे हा मुख्य हंगाम. गच्चीचा स्लॅब तापण्यापूर्वीची सकाळ सर्वांत चांगली. बोरिवलीत पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर असल्याने सूर्य उशिरा वर येतो, तर मुलुंडमध्ये पश्चिमेचे डोंगर त्याला लवकर झाकतात. ६ जून २०१२ च्या अधिक्रमणात सूर्य उगवतानाच शुक्र बिंबावर होता. अशा घटनांसाठी क्षितिज आधीच पाहून ठेवावे. दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, म्हणून ती सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावीत.

सामूहिक निरीक्षण : सोसायटीतल्या मुलांना सूर्य दाखवताना लहान भिंगाच्या दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर प्रतिमा पाडावी. डाग सर्वांना एकाच वेळी दिसतात व मोजताही येतात. मात्र कोणी नेत्रिकेला डोळा लावू नये, यासाठी एका जाणत्या व्यक्तीने दुर्बिणीपाशी सतत उभे राहणे अनिवार्य आहे.