नांदेडचा शीख समाज

गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ साली गोदाकाठी नांदेडला निधन झाले. त्या जागी महाराजा रणजितसिंग यांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ दरम्यान तख्त सचखंड श्री हजूर साहिब हा गुरुद्वारा उभा राहिला. निजामाच्या चाकरीत आलेल्या शीख फौजेचे अनेक वंशज मराठवाडा व तेलंगणात स्थिरावले; ते दखनी शीख. पंजाबीबरोबर दखनी हिंदी आणि मराठीही त्यांच्या घरात सहज बोलली जाते.

या समाजाचे खरे बळ लंगरात दिसते. पंगतीत भाविक, हमाल, भिकारी शेजारी बसतात. जात कोणी विचारत नाही. होळीनंतरच्या हल्ला-बोल मिरवणुकीत घोडे आणि तलवारी घेतलेले निहंग (शीख योद्धे) शहरातून धावतात. २००८ च्या गुर-ता-गद्दी (गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद) त्रिशताब्दीने शहराला रस्ते, घाट व नूतनीकृत विमानतळ मिळाले.

उणिवाही आहेत. समता पंगतीत जितकी दिसते तितकी समाजव्यवहारात नाही: लोहारकाम करणारे शिकलगर शिक्षण व उत्पन्नात मागेच आहेत. कारभाराचाही प्रश्न आहे: हजूर साहिबचे गुरुद्वारा मंडळ १९५६ च्या कायद्याने चालते. त्यावर सरकारी वरचष्मा किती असावा, हा वाद जुनाच. २०२४ मधील सुधारणा विधेयकालाही तीव्र विरोध झाला.