पुण्याचें पर्जन्यमान व हवा : दप्तरांतील पुराव्याचा विचार

पुण्याची हवा पूर्वीं फार उत्तम होती, ती अलीकडे बिघडली, असें आपण सर्वच ऐकत व बोलत आलों आहों. या विधानाचा उत्तरार्ध आतां मापून ठरवितां येतो. पूर्वार्धास आधार कोणता, हें सांगण्याचें काम मात्र इतिहाससंशोधकाचें आहे. जुन्या कागदांवरून या बाबतींत काय सिद्ध होतें व काय होत नाहीं, एवढेंच या लेखांत दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम स्थलाचा विचार करूं. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेस, मुळामुठेच्या खोऱ्यांत वसलेलें आहे. नैर्ऋत्येचे वारे आपलें बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच टाकून पुढें येतात. त्यामुळें लोणावळ्यास वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडत असतां, तेथून साठपासष्ट किलोमीटरांवरील पुण्यास सातशें-साडेसातशें मिलिमीटरांवरच समाधान मानावें लागतें. शहराच्या दक्षिणेस व पश्चिमेस टेकड्या आहेत. हिंवाळ्यांत रात्रीं आकाश निरभ्र असलें म्हणजे जमीन लवकर निवते, थंड व जड हवा खोऱ्याच्या तळाशीं बसते आणि तिच्यावर उबदार हवेचें झांकण पडतें. मग खालच्या धुरास व धुळीस वर जाण्याची वाट राहत नाहीं. उन्हाळ्यांत धूळ पुष्कळ उडते. परंतु दुपारच्या तापानें हवा उंच चढते व धूळ पांगते. आषाढ-श्रावणांत वारा वाहता असतो आणि पाऊस हवा धुऊन काढतो. ही घडण पेशवाईंतही अशीच होती. बदलला तो धुराचा व धुळीचा पुरवठा.

आतां साधनांकडे वळूं. पावसासंबंधीं आमचीं दप्तरें मुकीं नाहींत. पेशवाईंतील कागद ज्या शुहूर सनानें मांडलेले असतात, तो सनच मुळीं सूर्य मृग नक्षत्रीं जातो त्या दिवशीं पालटतो. म्हणून त्यास मृगसाल असेंही म्हणतात. खमसैन मया व अलफ म्हणजे सन ११५०. त्यांत ५९९ मिळविले म्हणजे इ. स. १७४९ चा जून महिना येतो. ज्या राज्याचें हिशेबी वर्षच पावसाच्या तोंडाशीं सुरू होतें, त्याच्या जमाखर्चांत पाऊस उमटल्यावांचून कसा राहील? वसुलांतील सूट, तगाई, धान्याचे भाव, नदीच्या उतारास अडलेलें लष्कर, पावसाळ्याची छावणी व दसऱ्यानंतरचें कूच, या सर्वांतून त्या त्या वर्षाचा पाऊस वाचतां येतो. १६३० ते १६३२ चा किंवा १७९१-९२ चा दुष्काळ सर्वांस ठाऊक आहे. पण मध्यम प्रतीचीं, कमीजास्त पावसाचीं वर्षें जुळवावयाचीं तर अशा किरकोळ नोंदींवांचून गति नाहीं. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत प्रसिद्ध केलेले पेशवे दप्तराचे ४५ भाग या दृष्टीनें पुन्हा चाळण्यासारखे आहेत.

येथें एका सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. मृगाची गणना नाक्षत्र, तर हल्लीची तारीख ऋतूंस धरून चालणारी. त्यामुळें मृगारंभ साठसत्तर वर्षांत एक दिवस या प्रमाणानें तारखेच्या पुढें सरकतो. पेशवाईच्या मध्यापासून आजवर हें अंतर सुमारें चार दिवसांचें झालें आहे. शिवाय १७५२ पूर्वींच्या इंग्रजी पत्रांत जुन्या गणनेच्या तारखा असतात. अठराव्या शतकांत त्या नव्या गणनेहून ११ दिवस मागें आहेत. हें शोधन न करतां ‘पूर्वीं पाऊस वेळेवर येई’ असा निर्णय देणें म्हणजे पंचांगाची चूक पावसाच्या माथीं मारणें होय.

यंत्रांनीं केलेल्या मोजणीस आरंभ पेशवाई बुडाल्यावर लवकरच झाला. मुंबई सरकारनें १८२४ सालीं दख्खनच्या पाहणीवर नेमलेले विल्यम हेन्री साइक्स यांनीं येथील वायुभार, उष्णता व पाऊस यांचीं निरीक्षणें करून १८३५ सालीं रॉयल सोसायटीच्या ग्रंथांत छापलीं. सकाळीं नऊदहाच्या सुमारास वायुभार वाढतो व दुपारीं चारपांचाच्या सुमारास उतरतो, हा रोजचा क्रम त्यांत नमूद आहे. पुढें १८७५ सालीं भारतीय हवामानखात्याची स्थापना झाली. त्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें व १९४४ सालीं दिल्लीस गेलें. शिवाजीनगरच्या त्या इमारतीस लोक अद्यापि ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. १७ जानेवारी १९३५ रोजीं पुण्यांत पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याचें आपण आज निश्चयानें सांगूं शकतों, तें अशा नित्य नोंदींमुळेंच.

परंतु हवेच्या निर्मळपणाची गोष्ट निराळी आहे. जुन्या पत्रांतील ‘हवा’ हा शब्द थंडी, ऊन, रोगराई व प्रकृतीस मानवणें या सर्वांस मिळून लागतो. एखाद्या गांवची हवा वाईट, असें वाचून तेथें धूर होता असा अर्थ काढणें धाडसाचें होईल. तें हिंवतापाचें गांव असण्याचा संभव अधिक. उलट, धुराविषयीं तक्रार आढळत नाहीं म्हणून धूर नव्हता, हेंही अनुमान टिकत नाहीं. चूल, शेकोटी व गोंवऱ्या घरोघर होत्या. नित्याची गोष्ट कोणी लिहून ठेवीत नाहीं. मोटारी व कारखाने नसल्यामुळें उघड्यावरील हवा आजच्यापेक्षां स्वच्छ असावी, हें तर्कास पटतें. माजघरांतील हवेविषयीं तसें म्हणवत नाहीं. दोन्ही गोष्टी संभाव्य कोटींतल्या. सिद्ध कोटींतल्या नव्हेत.

धुळीचे व धुराचे सूक्ष्म कण मोजून त्यांचें अनुमान रोज प्रसिद्ध करणारी ‘सफर’ ही योजना पुण्यांतीलच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें २०१३ सालीं या शहरास लागू केली. अडीच मायक्रोमीटर व त्याहून बारीक कणांची चोवीस तासांची मर्यादा २००९ सालच्या मानकांत घनमीटरास ६० मायक्रोग्रॅम ठरली आहे. पुण्यांत हे कण हिंवाळ्यांत वाढतात व भर पावसाळ्यांत सर्वांत कमी होतात. वर वर्णिलेल्या खोऱ्याच्या घडणीशीं हें जुळतेंच.

सारांश, पुण्याच्या पावसाचा इतिहास लिहिण्यास साधनें आहेत. हवेच्या इतिहासास ती नुकतीच मिळूं लागलीं आहेत. संग्राहक मंडळींस आमची विनंति एवढीच कीं, रुमाल सोडतांना सनदा व राजकारणी पत्रें ठेवून, घरगुती मजकुराचे आणि पावसापाण्याचे कागद रद्दींत घालूं नयेत. ज्या पत्रांत फक्त खुशाली व ‘पाऊस बरा आहे’ एवढेंच असेल, त्यावर मिति असल्यास तो एका दिवसाचा पुरावा आहे. आणि असे शंभर दिवस जुळले म्हणजे एक पावसाळा उभा राहतो. आजचे रोजचे आंकडेही त्याच काळजीनें जपले पाहिजेत. पूर्वजांनीं धुराची नोंद ठेवली नाहीं, हा त्यांचा दोष नव्हे. त्यांस तो मापण्याचें साधन नव्हतें. आपणांस तें आहे. पुढील पिढीच्या संशोधकानें आमच्या काळाविषयीं ‘कागद मिळत नाहींत’ असें लिहावें, अशी पाळी आपण त्याच्यावर आणूं नये.