तुमच्या बायॉप्सीतली जांभळी टिंबं

बायॉप्सीचा रिपोर्ट हातात आला की त्यातला 'ग्रेड 2' हा शब्द आधी डोळ्यांत भरतो. मग मला विचारलं जातं, "डॉक्टर, हे मशीननं ठरवलं की माणसानं?" माणसानं. तुमचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात, त्याचा काही मायक्रॉन जाडीचा पापुद्रा काचेवर घेतात आणि त्यावर दोन रंग चढवतात. हिमॅटॉक्सिलिननं पेशीचं केंद्रक जांभळं दिसतं, इओसिननं बाकीचा भाग गुलाबी. हिमॅटॉक्सिलिन मुळात एका झाडाच्या गाभ्यातून काढलेला रंग आहे. ही जोडी एकोणिसाव्या शतकातली. परळला 1941 साली टाटा मेमोरियल सुरू झालं आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर तिथल्या प्रयोगशाळा सांभाळू लागले, तेव्हाही स्लाइड अशीच रंगवत, आजही तशीच रंगवतात.

केंद्रकं किती मोठी, किती वेडीवाकडी, किती दाटीवाटीनं बसलेली, हे पॅथॉलॉजिस्ट डोळ्यांनी जोखतो. स्तनाच्या कर्करोगात ग्रेड ठरवताना याला मोठं वजन असतं, आणि ग्रेडवर पुढचे उपचार अवलंबून असतात. पण दोन अनुभवी डॉक्टरांचंही नेहमी एकमत होत नाही. मग हे मोजमाप संगणकाला का देऊ नये?

इथे पवईच्या आयआयटीतल्या प्रा. अमित सेठी यांच्या कामाकडे वळू. ते इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगचे प्राध्यापक, आधी आयआयटी गुवाहाटीत होते. पहिली अडचण अगदी घरगुती म्हणावी अशी होती: रंग. एका लॅबची स्लाइड गडद, दुसरीची फिकट. आपल्याला ते कळतं, संगणक मात्र गोंधळतो. अभिषेक वहादणे, सेठी आणि सहकाऱ्यांनी 2016 साली एक रीत मांडली. चित्रातले दोन्ही रंग गणितानं वेगळे करायचे, आणि पेशींची रचना न बिघडवता एका स्लाइडची रंगछटा दुसरीसारखी करायची.

दुसरी अडचण जास्त चिवट. गाठीत केंद्रकं एकमेकांना चिकटलेली असतात. संगणकाला दोन मिळून एकच दिसलं, तर आकार चुकला आणि मोजणीही चुकली. नीरज कुमार, रुचिका वर्मा, सेठी आणि इतरांनी 2017 साली सुचवलेली युक्ती मला फार आवडते. प्रत्येक बिंदू केंद्रकाच्या आत की बाहेर, एवढंच न विचारता तिसरं उत्तरही ठेवा: कडेवर. शेताचा बांध आखला की दोन शेतं आपोआप वेगळी दिसतात, तसंच.

पण संगणकाला कडा शिकवायला आधी कुणीतरी त्या हातानं काढायला हव्यात. सात अवयवांच्या 30 चित्रांत 21,600 हून जास्त केंद्रकांभोवती रेघा ओढल्या गेल्या. म्हणजे एकेका चित्रात सरासरी सातशेच्या वर! रेघा काढणारे इंजिनीअरिंगचे विद्यार्थी, तपासणारा पॅथॉलॉजिस्ट. मला विचाराल तर खरं मोल या कष्टांचं आहे, आणि त्याहून जास्त म्हणजे ही चित्रं कुलपात न ठेवता जगातल्या संशोधकांसाठी खुली केली याचं. 2018 साली याच चित्रांवर आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. परीक्षेच्या चित्रांत फुप्फुस आणि मेंदूही होते, जे शिकवणीच्या चित्रांत नव्हते. नवा अवयव समोर आला तर संगणक अडखळतो का, ते त्यातून कळणार होतं.

मात्र केंद्रक ओळखणं म्हणजे निदान नव्हे. तुमची लक्षणं, सोनोग्राफी, आधीचे आजार यांतलं काहीच त्या चित्रात नसतं. म्हणून रिपोर्टखाली सही पॅथॉलॉजिस्टची असते.

दुसरं मत घ्यायला जाताना नुसता कागद किंवा मोबाइलवरचा फोटो नेऊ नका. लॅबकडून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. ब्लॉकमधून नवा पापुद्रा काढून पुन्हा रंगवता येतो, फोटोतून नाही.