सरकी, बिजवाई आणि थैली

पिंपळगाव राजाच्या शिवारात कपाशी पेरायची, तर आधी सरकी शेणात घोळावी लागे. कापूस वेगळा झाला तरी सरकीच्या अंगावर बारीक लव उरते आणि दाण्याला दाणा चिकटतो. ओल्या शेणात चोळून वाळवली की ती सुटी होते, चाड्यातून मोकळी पडते. गोठ्यात गाईपुढे तीच, घाण्यात तेलासाठीही तीच. पेरायचं बी आणि खायचा माल यांना एकच शब्द पुरत होता.

पुढच्या पेरणीसाठी राखून ठेवलेलं बी म्हणजे बिजवाई. ही निवड घरातच व्हायची. 1870मध्ये खामगावला रेल्वे आली, जिनिंगचे कारखाने वाढले आणि गावोगावची सरकी एका ढिगात पडू लागली. जिनातून बी आणणाऱ्याच्या शेतात मग सरमिसळ उगवे.

बिजवाईत बी आहे; भाऊबीज किंवा तुकाराम बीज यांतल्या ‘बीज’चा मात्र पेरणीशी संबंध नाही, ती द्वितीया. भास्कराचार्यांचं ‘बीजगणित’ (1150) खऱ्या बीजाचं. ज्यातून उत्तर उगवतं, ती अव्यक्त संख्या तिथे बी ठरली.

पिंपळगाव राजाच्याच जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा धान्यांचे दाणे ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा कुठे सरकला ते पाहून पिकांचं भाकीत सांगतात. त्याला शास्त्राचा आधार नाही. तरीही पेरणीआधी माणसं दाण्याकडे इतकं निरखून पाहतात, ही गोष्ट मोलाची आहे.

मार्च 2002मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि 450 ग्रॅमचं पाकीट घराघरात आलं. या संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी तसंच उतरत नाही, म्हणून घरची सरकी पेरणीतून उठली. उरली ती ढेपेपुरती आणि तेलापुरती. आता ‘किती एकर?’ ऐवजी ‘किती थैल्या?’ असं विचारतात. बिजवाई हा शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिला, आणि ही हानी लहान नाही.

सोयाबीनमध्ये बिजवाईची वाट अजून उघडी आहे. सरळ वाणाचं घरचं बी चालतं, फक्त उगवण तपासावी लागते. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे रांगेने मांडायचे, वळकटी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. आठवड्याभराने ती उलगडून कोंब मोजायचे. सत्तर निघाले, तर त्या घरात यंदा थैली येत नाही.