पूर्वजांची पातेली

आपला एखादा तरी पूर्वज सरदार असावा, ही हौस फक्त मराठी माणसालाच असते, असा माझा समज होता. इंग्लंडात मी काही महिने ज्यांच्याकडे भाड्यानं राहिलो, त्या आजीबाईंनी तो दूर केला. त्यांच्या घराण्यात एक लॉर्ड होऊन गेला होता म्हणे. पुरावा म्हणजे त्यांच्या आत्याचं नाक!

"चला, तुमची नजर चांगली आहे," असं म्हणून त्यांनी मला जिल्ह्याच्या दप्तरखान्यात नेलं.

आपल्या पिढ्यांचा हिशेब त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत, तसा त्यांचा गावच्या चर्चच्या वहीत. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलनं हुकूम काढला, की प्रत्येक पाद्र्यानं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. लोक घाबरले, म्हणाले, आता जन्मावरही कर बसणार! दोन वर्षांनी क्रॉमवेलचं मुंडकं उडालं, पण वह्या राहिल्या. खुद्द शेक्सपिअरचा जन्मदिवस कुठं लिहिलेला नाही. २६ एप्रिल १५६४ ला बाप्तिस्मा झाला, एवढंच वही सांगते. त्यातही बापाचं नाव आहे, आईचं नाही.

"म्हणजे तिथं ती बिचारी नव्हतीच!" आजीबाई फणकारल्या.

मृत्युपत्रं १८५८ पर्यंत चर्चच्याच कोर्टात जात. तिथं एकदाचे आमचे 'लॉर्ड' सापडले. इस्टेट : एक गाय, दोन पातेली, एक खाट. सहीच्या जागी फुली.

"शेक्सपिअरनंसुद्धा मृत्युपत्रात बायकोला दुसऱ्या नंबरची खाटच दिली होती," मी समजूत घातली.

"त्याच्याकडे निदान दोन तरी होत्या!"

मग त्याच फुलीवाल्याची मुलगी सापडली आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. बाप्तिस्मा एप्रिल १७०२, दफन फेब्रुवारी १७०२! पोरगी जन्माआधीच मेली होती. पाद्रीबुवांनी त्या दिवशी जरा जास्तच घेतली असावी, असं आमचं ठरलं.

आमचं हसणं ऐकून दप्तरखान्यातले गृहस्थ आले. हळू आवाजात म्हणाले, "बाई, १७५२ पर्यंत आपलं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. एप्रिलनंतरचा फेब्रुवारी त्याच वर्षात येतो."

आजीबाईंनी बोटांवर महिने मोजले. "दहा," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

नोंदीपुढं शेरा होता : लोकरीत पुरली. देशातल्या लोकरीचा धंदा चालावा म्हणून त्या काळी प्रेताला लोकरीचंच कफन घालण्याचा कायदा होता. मोडला तर पाच पौंड दंड. दहा महिन्यांच्या पोरीनंही सरकारचा व्यापार सांभाळला होता. पुढच्याच पानावर त्याच बापाची दुसरी मुलगी होती. नाव तेच ठेवलेलं.

परतताना बसमध्ये लॉर्डचा विषय निघाला नाही. रात्री आजीबाईंनी वंशावळीच्या कागदावर त्या मुलीचं नाव लिहिलं. दुसरीचंही लिहिलं. आईचं नाव मात्र वहीत नव्हतं. तिथं त्यांनी एक रिकामा चौकोन काढला आणि बराच वेळ पेन्सिल हातात धरून बसल्या.

मायदेशी आल्यावर मी आमची वंशावळ काढून बघितली. चांगल्या चौदा पिढ्या आहेत. त्यात एक सरदारही आहे. बाई मात्र एकही नाही. चौकोनसुद्धा नाही.