सत्त्वातला दुसरा त

तलासरीच्या बाजारात एका बचत गटाच्या टेबलावर ते पाकीट होतं. आत गुलाबीसर राखाडी पूड, वर ठळक अक्षरांत ‘नागली सत्व’ आणि खाली बारीक ओळीत ‘जीवनसत्वांनी भरपूर’. दोन्हीकडे त एकेकच. शुद्धलेखनाचा किडा असल्यामुळे माझा हात आधी चुकीवर गेला. मूळ शब्द सत् अधिक त्व. पहिला त ‘सत्’चा, दुसरा ‘त्व’चा, म्हणून सत्त्व. हे त्या बाईंना सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि तसाच थांबलो. एका पाकिटावर एकच शब्द दोनदा आला होता. एकदा फडक्यातून गाळलेल्या पुडीसाठी आणि एकदा पाठ्यपुस्तकातल्या व्हिटॅमिनसाठी. हे दोन शब्द सख्खे भाऊ की नुसते एका आडनावाचे?

तेव्हापासून हा भुंगा डोक्यात आहे.

नागली म्हणजे नाचणी. दक्षिण कोकणात नाचणी, घाट चढून बेळगावकडे गेलं की रागी आणि डहाणू-जव्हारच्या डोंगरांत नागली. पीक मूळचं पूर्व आफ्रिकेचं, आपल्याकडे येऊन काही हजार वर्षं झाली. त्याच्या शास्त्रीय नावातलं ‘कोराकाना’ हे सिंहली ‘कुरक्कन’वरून घेतलेलं. वारल्यांची धान्यदेवता कणसरी. नागलीचं कणीस मुठीच्या बोटांसारखं आत वळलेलं असतं. ते एकदा हातात धरलं की कणसरी हे नाव कुठून आलं ते विचारावं लागत नाही. ही कुळकथा मात्र नागलीची नाही, सत्त्वाची आहे.

ते होतं कसं हे पाहायला उधव्याच्या रस्त्यावर त्या बाईंच्या पाड्यावर गेलो. नागली तीन पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजत घातलेली. दुसऱ्या दिवशी ती फडक्यात बांधून टांगली, बारीक पांढरे मोड आले. मग पाणी घालत घालत वाटण. पूर्वी पाट्यावर व्हायचं, आता मिक्सरवर. खरी गंमत पुढे. जुन्या पातळाचं धुऊन धुऊन विरलेलं फडकं पातेल्यावर ताणायचं, त्यात वाटण ओतायचं आणि चारी टोकं गोळा करून पिळायचं. खाली दुधासारखं पाणी उतरतं, फडक्यात तांबूस चोथा राहतो. तो परत पाण्यात कालवून परत पिळायचा. पातेलं झाकून रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वर तांबूस निवळ आणि तळाला घट्ट पांढरा थर. निवळ अलगद ओतून टाकायची, थर ताटात काढून उन्हात ठेवायचा. वाळला की त्याला भेगा पडतात, पापुद्रे सुटतात. ते कुस्करून चाळले की सत्त्व झालं. बाळाला सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करताना याचीच पेज.

चोथ्याचं काय करता, असं मी विचारलं.

“कोंबड्यांना,” बाई म्हणाल्या, यात विचारण्यासारखं काय अशा सुरात.

त्या कोंबड्या लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचं आहे.

आता शब्दाकडे. व्हिटॅमिनची जगजाहीर कथा एवढीच की लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या काझिमिर फुंक या पोलिश शास्त्रज्ञाने १९१२ साली ‘व्हिटामाइन’ हा शब्द केला. व्हिटा म्हणजे जीवन, आणि अमाइन हा नायट्रोजन असलेल्या संयुगांचा एक वर्ग. ही सगळी द्रव्यं अमाइन असणार अशी त्याची समजूत होती. ती तशी निघाली नाहीत. म्हणून १९२० साली जॅक ड्रमंडने सुचवलं की शब्दाच्या शेवटचा इंग्रजी ‘ई’ उडवावा, म्हणजे रसायनशास्त्राची खोटी साक्ष टळेल, आणि द्रव्यांना अक्षरांनी ओळखावं. तिकडे चूक दुरुस्त करायला एक अक्षर गळालं, इकडे पाकिटावर आळसाने एक अक्षर गळालं. मला हा योगायोग फार आवडतो. (अक्षरांची आपली मराठी वाटणीही मजेची आहे. ए-बी-सी-डीचे अ, ब, क, ड झाले. पुढे के जीवनसत्त्व आलं तेव्हा ‘क’ आधीच सीने पळवलेला होता, म्हणून ते बिचारं ‘के’च राहिलं.)

मराठीने ‘व्हिटा’चं जीवन केलं हे सरळ आहे. पण अमाइनच्या जागी सत्त्व कुठून आलं? इंग्रजी शब्दात त्याला काही आधार नाही. तो तुकडा आपण पदरचा घातला, आणि वाद त्याच तुकड्यापाशी आहे.

पहिला पक्ष सांख्यांचा. सत्त्व, रज, तम यांतलं हे सत्त्व. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार आहेतच, तेव्हा सात्त्विक आहारात असतं ते जीवनसत्त्व, असं माझे एक निवृत्त संस्कृत शिक्षक मित्र ठासून सांगतात. ऐकायला गोड आहे, पण टिकत नाही. सांख्यांचं सत्त्व हा गुण आहे, वस्तू नव्हे. तो गाळता येत नाही, बाटलीत भरता येत नाही, मिलिग्रॅममध्ये तर मुळीच मोजता येत नाही. शिवाय ब१२ हे जीवनसत्त्व मिळतं ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून. डहाणूच्या खाडीतला बोंबील या हिशेबाने सात्त्विक ठरेल. मला चालेल, मित्राला चालणार नाही.

दुसरा पक्ष चरकाचा. तिथे सत्त्व म्हणजे मन, आणि सत्त्व, आत्मा, शरीर या तिघांवर आयुष्य उभं. ‘सत्त्वपरीक्षा’ आणि ‘सत्त्वशील’ या शब्दांत तेच सत्त्व उतरलं आहे, म्हणजे मनाचा कस. याचाही व्हिटॅमिनशी धागा जुळत नाही.

माझा पक्ष तिसरा, औषधी कुटणाऱ्यांचा. वैद्याकडच्या बरणीत गुळवेलसत्त्व असतं. ते करण्याची रीत वाचली आणि मी खुर्चीतून उठलोच. गुळवेलीचे ओले दांडे ठेचायचे, पाण्यात भिजवायचे, कुस्करून फडक्यातून गाळायचे, रात्रभर स्थिर ठेवायचे, वरचं पाणी ओतायचं, तळाचा पांढरा साका वाळवायचा. शब्दाला शब्द लावून हीच पाड्यावरची कृती! म्हणजे या अर्थाचं सत्त्व हे आधी एका तंत्राचं नाव आहे. ओबडधोबड पदार्थातून काढलेला, हातात धरता येणारा, थोडा पण गुणाचा भाग. व्हिटॅमिनची व्याख्या करायला बसलात तर याहून वेगळं काय सांगाल? ज्याने कोणी जीवनसत्त्व हा शब्द जुळवला त्याच्या डोळ्यांसमोर गीता नव्हती, वैद्याची बरणी होती. यावर मी पैज लावायला तयार आहे.

आणि हे तंत्र वनस्पतींपुरतं नाही. रसशास्त्रात ‘सत्त्वपातन’ नावाची क्रिया आहे, खनिज तापवून त्यातलं सत्त्व पाडायचं. तिथे सत्त्व म्हणजे धातू. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या ‘रसरत्नसमुच्चय’ ग्रंथात रसक, म्हणजे जस्ताचं खनिज, वांग्याच्या आकाराच्या मुशीत तापवून त्याची वाफ खाली पाण्यात उतरवायची रीत दिली आहे. मिळतं ते कथलासारखं दिसणारं सत्त्व, आपलं जस्त. आज पाड्यावर मुलाला जुलाब लागले की आशाताई ओआरएसच्या पुडीबरोबर जस्ताच्या गोळ्या देतात. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. आहारशास्त्र जीवनसत्त्वं आणि खनिजं अशा दोन वेगळ्या कप्प्यांत सामान लावतं. जुन्या रसवैद्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, एक वेलीचं सत्त्व, एक दगडाचं.

माझ्या विरोधकांना एक मुद्दा मात्र देऊन टाकतो. सत्तू आणि सातूचं पीठ यांना या कुळात घुसवायचा मोह मलाही झाला होता. ते संस्कृत ‘सक्तु’पासून आलेले, सत्त्वाशी त्यांचं काही नातं नाही. लिंबूसत्त्व मात्र घरचंच. पण त्याची कथा भाऊबंदकीची आहे. बाजारात लिंबूसत्त्व म्हणून मिळतात ते सायट्रिक आम्लाचे स्फटिक. त्यात क जीवनसत्त्व नावालाही नसतं. ब्रिटिश नौदलानेही असाच घोटाळा केला होता. लिंबाचा गुण त्याच्या आंबटपणात आहे असं धरून एकोणिसाव्या शतकात त्यांनी वेगळ्या जातीचं, क जीवनसत्त्व कमी असलेलं लिंबू घेतलं, आणि १८७५-७६ च्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत खलाशांना पुन्हा स्कर्व्हीने गाठलं. सत्त्व कशाला म्हणायचं हे चुकलं की दात हलतात, ते असे.

आता जरा हद्द ओलांडू. आच्छाडचा नाका मागे टाकून गुजरातेत शिरलं की शाळेच्या पुस्तकात जीवनसत्त्व नाही, ‘प्रजीवक’ आहे. बंगालीत ‘खाद्यप्राण’, मल्याळममध्ये ‘जीवकम्’. हिंदीत सरळ विटामिन. सत्त्व धरून ठेवलं ते मराठीने, कन्नडने (‘जीवसत्त्व’) आणि तमिळने (‘उयिर्च्चत्तु’). माझ्या लाडक्या तर्काला याने बळ मिळतं की नाही हे तुम्ही ठरवा, पण तलासरीत ही गोष्ट फार जवळची आहे. उंबरगाव तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ मे १९६० ला तो फुटला. ४७ गावं आणि तीन शहरं गुजरातेत गेली. उरलेली २७ गावं आधी डहाणूला जोडली आणि १९६१ मध्ये त्यांचा तलासरी हा वेगळा महाल झाला. एकाच तालुक्यातल्या दोन मामे-आते भावंडांपैकी एक जीवनसत्त्व शिकलं, एक प्रजीवक. नागलीला मात्र दोन्हीकडे नागलीच म्हणतात.

या भागाने देशाला एक शब्द दिला आहे, तोही सत्त्वाच्या पेजेशी लागून आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा अनुताई वाघ आणि त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तिचं नाव अंगणवाडी. केंद्र १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तो शब्द देशभर गेला. आज त्याच अंगणवाडीत बाळाला नवव्या महिन्यात अ जीवनसत्त्वाचा एक लाख युनिटचा डोस मिळतो आणि पुढे पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाखांचा. रातांधळेपणा रोखायला तो आहे. चमच्यातून पाजायचं ते पिवळं तेलकट औषध हे फुंकच्या कल्पनेतल्या व्हिटॅमिनचं अगदी शुद्ध रूप. गाळून गाळून उरलेलं सत्त्व.

आणि आता कोंबड्या.

१८८९ च्या सुमारास जावामधल्या बटाव्हियाच्या लष्करी रुग्णालयात क्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर बेरीबेरीवर काम करत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय अचानक लुळे पडले. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की मधल्या काळात त्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढराशुभ्र भात घातला जात होता. मग आचारी बदलला. नव्याने ठरवलं की लष्करी भात मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही, आणि त्यांना पुन्हा कोंड्यासकटचा तांदूळ सुरू झाला. गुण कोंड्यात होता. ते द्रव्य पुढे १९२६ मध्ये त्याच बटाव्हियात स्फटिकरूपात हाती लागलं, ते ब१. आइकमानला १९२९ चं नोबेल मिळालं.

म्हणजे व्हिटॅमिनचा शोध लागला तो जे गाळून फेकलं जातं त्यात. आणि आपण त्याला नाव दिलं ते गाळल्यावर जे उरतं त्याचं! नागलीतलं कॅल्शियम तांदळाच्या कैक पट, शंभर ग्रॅममध्ये ३६४ मिलिग्रॅम, पॉलिश केलेल्या तांदळात दहाही नाही. पण त्यातला मोठा वाटा दाण्याच्या टरफलालगत असतो, आणि टरफल फडक्यात राहतं. ब१ पाण्यात विरघळतं, ते सकाळी ओतून दिलेल्या तांबूस निवळीबरोबर जातं. माझा सगळा लाडका तर्क इथे आडवा पडतो की काय असं क्षणभर वाटलं. पण तसं नाही. मोड आणल्यामुळे दाण्यातलं फायटेट कमी होतं, उरलेली खनिजं अंगी लागतात, आणि सहा महिन्यांच्या बाळाच्या आतड्याला कोंडा पेलत नाही. पेजेपुरतं बाईंचं बरोबर होतं. चुकलो ते आपण, दात आलेल्या मुलांनाही तीच पूड महिनोन् महिने पाजणारे.

हे सगळं मी पाड्यावर जाऊन सांगितलं. पेजेचं वय संपलं की अख्ख्या नागलीची भाकरी द्या, असं पाकिटावर लिहा म्हटलं. बाईंनी ऐकून घेतलं. अंगणात त्यांच्या कोंबड्या चोथा टिपत होत्या, तकतकीत पिसांच्या, पायांनी खणखणीत. भाकरीचं त्यांना पटलं. दुसरा त घालायलाही तयार आहेत. फक्त छापलेली पाचशे लेबलं आधी संपू देत म्हणाल्या.