दरडोई वीस रुपये : दादाभाईंच्या गणनेतील तुलनेचा प्रश्न

कोणाचेही उत्पन्न इतरांच्या उत्पन्नाशी ताडून पाहावयाचे, तर त्यासाठी आधी एखादे प्रमाण हाती असावे लागते. हिंदुस्थानापुरते असे प्रमाण पद्धतशीरपणे शोधण्याचा पहिला मान दादाभाई नौरोजी यांच्याकडे जातो. १८७६ साली ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानचे १८६७–७० च्या सुमाराचे दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपये ठरविले.

सामग्री सरकारी अहवालांचीच होती. परंतु दादाभाई पूर्वी एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. सरासरीतील घोटाळा त्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. मध्य प्रांताच्या अहवालात जिल्ह्याजिल्ह्यांचे आकडे मिळवून जिल्ह्यांच्या संख्येने भागले होते. लागवड कोठे किती, याचा विचारच नव्हता. त्यामुळे भाताचे एकरी पीक ५७९ पौंड दाखविले गेले. लागवडीचे प्रमाण धरता ते ७५९ पौंड भरते. या दुरुस्तीने देशाचे उत्पन्न वाढते, ही गोष्ट लक्षणीय आहे : दारिद्र्य सिद्ध करू पाहणाऱ्याने स्वपक्षाला अनुकूल असा चुकीचा आकडा टाकून दिला. भावांच्या सरासरीत हीच दुरुस्ती उलट दिशेने गेली, आणि तीही त्यांनी तितक्याच निर्विकारपणे केली.

मग हे वीस रुपये कशाशी ताडावयाचे? दादाभाईंनी तुलनेस घेतला तो कैदी. मुंबई इलाख्यात दरडोई उत्पादन सुमारे बावीस रुपये. तेथील तुरुंगात कैद्याच्या अन्नवस्त्रावर होणारा खर्च सुमारे सत्तेचाळीस. शिवाय वरच्या वर्गांचा वाटा मोठा असल्याने मजुराच्या हाती ही सरासरीही पडत नाही, हे त्यांनी बजावले. सारा निबंध याच एका वाक्यावर तोललेला आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

पुढील वाद आकड्यांचा झाला. १८८२ च्या सरकारी अंदाजात सत्तावीस रुपये आले. १९०१ साली लॉर्ड कर्झन यांनी तीस सांगितले, तर त्याच वर्षी विल्यम डिग्बी यांनी अठराहूनही कमी. वाटणीचा प्रश्न मात्र मागे पडला. दादाभाईंच्या गणनेत सेवांचे उत्पन्न धरलेले नाही, हा तिच्यावरील खरा आक्षेप होय. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९३१–३२ सालासाठी ते धरले आणि दरडोई बासष्ट रुपये काढले. पण दरम्यान भावही बदलले होते, म्हणून वीस आणि बासष्ट यांची थेट वजाबाकी करता येत नाही.